संस्थेचा छापील दप्तर-संच: प्रोसिडिंग घ्या, पावतीपुस्तक टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, गाव कुठलंही असो. छापील फॉर्म आणि रजिस्टरं विकणाऱ्या दुकानात "संस्थेचा संच द्या" म्हटलं की काउंटरवर सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा येतो. प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही), अजेंडा रजिस्टर, सभासद नोंदवही, रोजकीर्द, खतावणी, पावतीपुस्तकं, व्हाउचर पॅड, डेडस्टॉक (टिकाऊ सामानाची नोंद), धान्यसाठा, आवक-जावक (पत्रांची नोंद) आणि नमुना ठरावांची एक पातळ पुस्तिका असे साधारण अकरा नग त्यात असतात. दुकानागणिक एखादा कमी-जास्त. किंमतही छापखाना आणि पानांच्या संख्येनुसार बदलते, म्हणून इथे दर देत नाही. संचातलं काय कामाचं आहे, कशात पैसे वाया जातात आणि संचात नसलेलं काय स्वतः आखून घ्यावं लागतं, एवढंच सांगायचं आहे.

हा संच वृद्धाश्रम चालवणाऱ्या, आदिवासी मुलांचं वसतिगृह सांभाळणाऱ्या, सरकारी दवाखान्याजवळ रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देणाऱ्या संस्थांना लागतो. त्यांच्या विश्वस्त मंडळावर निवृत्त शिक्षक असतात, किराणा व्यापारी असतात, एखादे डॉक्टर, एखादे केळी बागायतदार. मानधन कुणालाच नाही. वेळ देतात, प्रसंगी पदरचे पैसे घालतात. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 हा कायदा फुकट काम करणाऱ्याला जबाबदारीतून सोडत नाही. मंडळानं काय ठरवलं हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला, बँकेला आणि ऑडिटरला ठरावाच्या कागदावरूनच कळतं. माणसं कितीही भली असोत, कागद कच्चा राहिला की भल्या माणसांनाच खुलासे देत बसावं लागतं. म्हणून या रजिस्टरांकडे स्टेशनरी म्हणून बघू नये.

आधी बांधणी बघा. दोन प्रकार मिळतात: फर्म्यांची (घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांची) दोऱ्यानं शिवण घातलेली कापडी पुठ्ठ्याची वही आणि नुसत्या डिंकावर चिकटवलेली वही. दुसरी दिसायला चकचकीत असते आणि स्वस्तही पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात तर त्याहून जास्त तापतं. दोन उन्हाळ्यांत डिंक सुकतो, कण्याला चीर पडते आणि पानं सुटी होतात. प्रोसिडिंगचं सुटं पान म्हणजे संशयाला आमंत्रण, कारण ते मूळचंच आहे की मागून घातलेलं, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. दुकानात वही मधोमध उघडून पाहावी. फर्म्याच्या घडीत दोरा दिसला तर घ्यावी. स्पायरल वही प्रोसिडिंगसाठी कधीच घेऊ नये. तिचं पान काढून दुसरं घालायला एक मिनिट लागत नाही, आणि समोरच्यालाही ते ठाऊक असतं.

कागद जाड लेजरचा हवा. मागच्या पानावर शाई उमटत असेल तर वही ठेवून द्यावी. लिहायला बॉलपेन बरा. जेलची शाई पावसाळ्यात ओल लागली की पसरते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं असावं आणि सगळ्यात खालचा कप्पा रिकामा, कारण वाळवी भिंतीतून आणि जमिनीतूनच चढते. आयकराच्या नियमांप्रमाणे धर्मादाय संस्थेचे हिशेबाचे कागद किमान दहा वर्षं जपावे लागतात. प्रोसिडिंग तर कायमचंच जपायचं. कागद सांभाळून ठेवला तर त्यातून काय उभं राहतं हे धुळ्याला सांगायला नको. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे 1926 च्या अखेरीस गेले, त्यांच्या संग्रहावर तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. वृद्धाश्रमाचं प्रोसिडिंग इतिहासकाराच्या हाती जाणार नाही कदाचित, पण तीस वर्षांनी जागेचा वाद निघाला की तेच एक साक्षीदार असतं.

प्रोसिडिंग बुक

संचातला सगळ्यात चांगला नग हाच. डावीकडे विषयाच्या मथळ्यासाठी रुंद समास, उजवीकडे मजकूर, प्रत्येक सभेच्या सुरुवातीला हजेरीचं पान, पानावर छापील क्रमांक. क्रमांक छापलेला नसेल तर पहिल्या दिवशीच सगळ्या पानांवर हातानं घालून घ्यावा. सभा झाल्यावर घालण्यात अर्थ नाही.

दोष दोन आहेत. पहिला, हजेरीच्या पानावर फक्त नाव, पद आणि सही असे तीनच रकाने असतात. रजेचा अर्ज देऊन गैरहजर राहिलेले आणि न कळवता गैरहजर राहिलेले यांचा फरक त्यात करता येत नाही. अनेक संस्थांच्या नियमावलीत लागोपाठ ठरावीक सभांना विनापरवानगी गैरहजर राहिल्यास पद जातं असं कलम असतं. ते वापरायची वेळ आली की नेमकी हीच नोंद सापडत नाही. सह्यांच्या खाली रेघ मारून "रजा मंजूर" आणि "गैरहजर" अशा दोन ओळी हातानं घालाव्यात.

दुसरा दोष जास्त घातक आहे. काही छापखाने पहिला परिच्छेद छापूनच देतात: "गणपूर्ती पूर्ण असल्याने सभेच्या कामकाजास सुरुवात करण्यात आली." हे वाक्य प्रत्येक सभेला खरं असेलच असं नाही. अकरा जणांचं मंडळ आणि नियमावलीत एक तृतीयांश गणपूर्ती असेल तर अकराचे तीन भाग 3.67 येतात, म्हणजे चार जण लागतात. वर छापील वाक्य आणि खाली सह्या तीनच, असं पान पुढे आलं तर त्या दिवशीचे सगळेच ठराव अडचणीत येतात. गणपूर्ती झाली नाही तर तसं लिहावं, नियमावलीत सांगितलेल्या वेळेपुरती सभा तहकूब करावी, तहकूब सभा किती वाजता सुरू झाली ते लिहावं आणि त्या सभेत फक्त अजेंड्यावरचेच विषय घ्यावेत. छापील मजकूर असलेली वही गळ्यात पडलीच असेल तर दर सभेला ते वाक्य एका रेघेनं खोडून अध्यक्षांची सही घ्यावी. त्यापेक्षा कोरं प्रोसिडिंगच मागून घेतलेलं बरं.

आता लिहिण्याबद्दल, कारण चांगली वहीसुद्धा लिहिण्यात बिघडते. आपल्याकडे सभेत बोलणं अहिराणीत होतं आणि लिहिणं मराठीत. "व्हई जाई, लिखी ल्या" (होऊन जाईल, लिहून घ्या) म्हणून विषय पुढे सरकतो आणि सचिव घरी जाऊन आठवेल तसं लिहितात. बोलण्यातले नाना, आप्पा, भाऊसाहेब, ताई तसेच वहीत उतरतात: "आप्पांनी सुचविले, नानांनी अनुमोदन दिले." दोन आप्पा असलेल्या मंडळात हे आप्पा कोण? सूचक आणि अनुमोदक यांचं नाव अनुसूची 1 च्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या ज्या नकलेला सगळे शेड्यूल वन म्हणतात तिच्यावर, जसं आहे तसंच पूर्ण लिहावं. उताऱ्यावर "पाटील दगडू शंकर" असेल आणि वहीत "डी. एस. पाटील" असेल तर बदल अर्जाच्या (विश्वस्त बदलल्याचं कार्यालयाला कळवणाऱ्या अर्जाच्या) चौकशीत एक प्रतिज्ञापत्र जास्तीचं लागू शकतं.

ठराव सभेतच वाचून दाखवावा. सूचक, अनुमोदक, बाजूनं किती, विरोधात किती हे लिहावं. सगळेच ठराव "सर्वानुमते" नसतात आणि विरोध नोंदवणं हा विरोध करणाऱ्या विश्वस्ताचा हक्क आहे. पुढे त्या निर्णयातून संस्थेचं नुकसान झालं तर ती नोंद त्याच्या उपयोगी पडते. ठरावाला वर्षागणिक क्रमांक द्यावा, ठराव क्र. 3/2025-26 असा. एका सभेचं लिखाण संपलं की उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारावी. "मागून लिहू" म्हणून पान कोरं सोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे आणि सगळ्यात जास्त महागात पडणारीही तीच. व्हाइटनर नको. चुकलं तर एक रेघ, वर दुरुस्ती, बाजूला सही.

संगणकावर टाइप केलेलं इतिवृत्त चिकटवायचं असेल तर कागदाच्या चारही कडांवर अर्धी सही कागदावर आणि अर्धी वहीवर येईल अशी करावी. चिकटवायला फेव्हिकॉलचा पातळ हात पुरतो. खळ वापरली की झुरळं येतात.

अजेंडा रजिस्टर

कल्पना चांगली आहे, आखणी जुनी आहे. सूचना कशी पोचवली या रकान्यात "हस्ते" आणि "रजि. ए.डी." असे दोनच पर्याय छापलेले असतात. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, छापखान्यांचे ब्लॉक मात्र तेच राहिले. त्या रकान्यावर "स्पीड पोस्ट" लिहून पावती पानाच्या मागे चिकटवावी. व्हॉट्सॲपवर सूचना पाठवणं आता सर्रास चालतं, पण नियमावलीत तशी तरतूद असेल तरच त्यावर विसंबावं. नसेल तर व्हॉट्सॲप हे फक्त आठवण देण्यासाठी, खरी सूचना हातात देऊन सही घेऊन किंवा टपालानं.

सूचनेचे दिवस मोजण्यात नेहमी घोळ होतो. नियमावलीत "पूर्ण सात दिवस" म्हटलं असेल तर सूचना पोचल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही सोडून सात दिवस भरायला हवेत. 20 तारखेची सभा असेल तर सूचना 12 पर्यंत हातात पडायला हवी. टपालाचे दिवस त्याच्या आधी धरायचे. धडगावकडचे विश्वस्त घाट उतरून नंदुरबारला यायचे असतील तर त्यांना नियमावलीपुरते सात दिवस देऊन भागत नाही, बारा-पंधरा दिवस आधी कळवलं तर ते येतात. कापूस वेचणी जोरात असताना सर्वसाधारण सभा लावली की गणपूर्तीचं रडगाणं ठरलेलंच.

"ऐनवेळचे विषय" ही ओळ या रजिस्टरात शेवटी छापलेली असते. चहाचा खर्च, अभिनंदनाचा ठराव एवढ्यापुरती ती ठीक आहे. विश्वस्तांची निवड, नियमावलीतली दुरुस्ती, जागेचा व्यवहार हे विषय ऐनवेळी घेतले की ठराव टिकत नाही. संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असेल आणि उद्देश बदलायचे असतील तर तिथे पद्धतच वेगळी आहे. प्रस्ताव सभासदांना दहा दिवस आधी द्यायचा, विशेष सभेत तीन पंचमांश मतं घ्यायची आणि एक महिन्यानं दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तेवढ्याच मतांनी तो कायम करायचा. एका सभेत हे उरकता येत नाही.

संचात नसलेली वही

अकरा नगांत विश्वस्त रजिस्टर नाही, आणि आमच्या मते ही या संचातली सर्वांत मोठी उणीव आहे. सभासद नोंदवही असते, पण तिच्यात वर्गणीचे रकाने असतात, मुदतीचे नाहीत. त्यामुळे मंडळाची मुदत कधी संपते हे सचिवांच्या डोक्यात असतं. सचिव आजारी पडले की ते कुणालाच माहीत नसतं.

दोनशे पानी आखीव वही घ्यावी आणि दोन समोरासमोरची पानं मिळून असे रकाने पाडावेत: अनुसूची 1 प्रमाणे पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, व्यवसाय, निवडीच्या सभेची तारीख, ठराव क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, संमतिपत्राची तारीख, बदल अर्ज क्रमांक व दाखल दिनांक, अर्जावरील आदेशाची तारीख, बँकेतल्या सहीचा अधिकार आहे की नाही, पद सुटल्याची तारीख व कारण. शेवटी एक रुंद रकाना ठेवावा: "संस्थेशी व्यवहार असलेले नातेवाईक वा पेढी".

बदल अर्जाचे रकाने कशासाठी? विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, मालमत्ता वाढली की कलम 22 प्रमाणे नव्वद दिवसांत अनुसूची 3 मधला अर्ज द्यावा लागतो. सर्वसाधारण सभा 15 ऑगस्टला झाली तर नव्वदावा दिवस 13 नोव्हेंबर. मध्ये गणपती, नवरात्र, दिवाळी आणि कापूस. अर्ज राहतो, मग विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. एक अर्ज प्रलंबित असताना पुढची निवडणूक येते, त्याचा दुसरा अर्ज, आणि पहिला निकाली निघाल्याशिवाय दुसऱ्याला वाट सापडत नाही. अशी साखळी तयार झाली की कागदोपत्री विश्वस्त वेगळे आणि प्रत्यक्ष काम करणारे वेगळे. कोषाध्यक्ष वारले आणि बँकेनं नव्या सहीसाठी अनुसूची 1 चा ताजा उतारा मागितला, तर स्वयंपाकीणबाईंचा पगार त्या उताऱ्यापायी अडतो. झळ शेवटी आश्रमातल्या म्हाताऱ्या माणसांना लागते, म्हणून ही वही हवी.

अर्जासोबत सहसा सभेच्या सूचनेची प्रत, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीसह इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लागतं. संमतिपत्र सभेच्या दिवशीच घ्यावं. नंतर पुण्या-मुंबईला मुलाकडे गेलेल्या विश्वस्ताची सही मिळवण्यात महिना जातो.

पावतीपुस्तक

हे घेऊ नका. संचातलं पावतीपुस्तक म्हणजे पन्नास पावत्यांचं, वर "श्री" आणि खाली "आभारी आहोत" छापलेलं, कुठल्याही मंडळाला चालेल असं. संस्थेचं नाव रबरी शिक्क्यानं उठवायचं. शिक्का पुसट उठतो, क्रमांक प्रत्येक पुस्तकात एकपासूनच सुरू होतो, त्यामुळे क्रमांक 27 च्या चार पावत्या तयार होतात आणि ऑडिटर पहिल्यांदा तेच विचारतात.

पावती स्वतःची छापून घ्यावी. वर संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पॅन. सलग क्रमांक, पुस्तक बदललं तरी न तुटणारा. देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन. रक्कम अंकी व अक्षरी. रोख, धनादेश की ऑनलाइन, आणि व्यवहार क्रमांक. मग तीन चौकटी: सर्वसाधारण देणगी, विशिष्ट कामासाठी, कायम निधी. तिसऱ्या चौकटीसमोर देणगीदाराच्या सहीची जागा हवीच. कायम निधी, म्हणजे कॉर्पस, हा देणगीदारानं तसं स्पष्ट सांगितलं तरच धरता येतो आणि ती रक्कम मान्य गुंतवणुकीत वेगळी ठेवावी लागते. संस्थेनं आपल्या मनानं देणगी कॉर्पसला टाकली तर तपासणीत ती उत्पन्नात येते.

करसवलतीचा मजकूर छापताना सांभाळावं. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. "80 जी" असं मोठ्या अक्षरात छापलेली दोन हजार पावत्यांची थप्पी कपाटात पडून राहण्यापेक्षा मान्यतेचा क्रमांक आणि मुदत यांच्यासाठी जागा सोडावी आणि तेवढा मजकूर शिक्क्यानं उठवावा. या एका ओळीपुरता शिक्का बरा. एकदम पाचशेहून जास्त पावत्या छापू नयेत. दोन हजार रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, ही ओळ मात्र जरूर छापावी, म्हणजे रोख घेऊन आलेल्या दात्याला आधीच कळतं. पॅनचा रकाना रिकामा राहिला तर वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत भरायच्या देणग्यांच्या विवरणात ते नाव अडू शकतं. मग मे महिन्याच्या उन्हात एकेका दात्याला फोन करत बसावं लागतं.

बिनकार्बनच्या दोन प्रतीच्या पावत्या महाग पडतात, पण दुसरी प्रत स्वच्छ उमटते. साध्या कार्बनची दुसरी प्रत तीन-चार वर्षांत फिकी होते. तीस-चाळीस मोठ्या देणग्या असणाऱ्या संस्थेनं बिनकार्बनच घ्यावी. रद्द झालेल्या पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवून त्यावर "रद्द" लिहावं. फाडून टाकलेली पावती म्हणजे हिशेबातलं भोक.

धान्यसाठा रजिस्टर

खानदेशात रोख देणारे कमी आणि धान्य देणारे जास्त. दादर ज्वारी निघाली की पोत्यानं येते, तुरीची डाळ येते, केळीचे घड येतात, हिवाळ्यात धुळ्याकडे घोंगड्या-ब्लँकेटं. संचातल्या या रजिस्टरात परिमाणाचा रकाना "नग" असा आहे. वसतिगृहाच्या शिलाई यंत्राला तो ठीक, दादरला नाही. "पोती 4" अशी नोंद व्यर्थ आहे, कारण एक पोतं पन्नास किलोचं असतं, दुसरं साठचं, तिसरं नव्वदचं. काट्यावर मोजून किलोत लिहावं.

दुसरी गोष्ट, घटीचा रकानाच नाही. धान्य वाळतं, निवडताना खडा-माती निघते, सोंडे लागतात. आवक आणि खर्च जुळेना की कोठीवाल्या बाईवर संशय जातो. तो अन्याय आहे. घटीचा रकाना लाल शाईनं पाडावा आणि दर महिन्याला एका विश्वस्ताच्या समोर उरलेलं धान्य मोजून सही घ्यावी. खर्चाचा अंदाज हाताशी असावा. वीस माणसांना दर डोई रोज चारशे ग्रॅम पीठ धरलं तर दिवसाला आठ किलो, म्हणजे एक क्विंटल साडेबारा दिवस. रजिस्टरात क्विंटल आठ दिवसांत संपलेला दिसला तर विचारायला हवं, आणि वीस दिवस पुरला तर आणखी आधी विचारायला हवं, कारण मग कुणाचं तरी पोट मारलं गेलं असण्याची शक्यता आहे.

धान्याची पावती वेगळ्या पुस्तकातून द्यावी, करसवलतीच्या मजकुराशिवाय. वस्तुरूप देणगीला ती सवलत नाही. दात्याला चुकीची पावती दिली की तो ती कर भरताना लावतो आणि नोटीस त्याला येते.

कीर्द, खतावणी, व्हाउचर ठीक आहेत. कीर्दीत रोख आणि बँक असे दोन वेगळे रकाने दोन्ही बाजूंना असलेलीच घ्यावी. एकाच रकान्याची कीर्द धान्याच्या अडतीला चालते, संस्थेला नाही. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख खर्च दाखवू नये, आयकराच्या हिशेबात तो खर्च म्हणून धरला जात नाही. व्हाउचर पॅडवर ठराव क्रमांकाचा रकाना नसतो, तेवढा हातानं लिहावा. हिशेब 31 मार्चला बंद करून 30 सप्टेंबरपर्यंत ऑडिट व्हायला हवं, म्हणजे व्हाउचरची फाइल एप्रिलमध्येच लावलेली हवी. डेडस्टॉक आणि आवक-जावक यांत सांगण्यासारखं काही नाही, दोन्ही चालतात.

नमुना ठरावांची पुस्तिका

ही फुकट मिळाली तरी वापरू नये. जागा भाड्यानं देण्याचा नमुना ठराव तीन ओळींचा आहे: अमुक यांना पाच वर्षांसाठी भाड्यानं देण्यास मंजुरी. कलम 36 सांगतं की न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायची असेल, किंवा स्थावर विकायची, बक्षीस द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. कर्ज काढण्याच्या नमुन्यातही हेच गाळलं आहे. कलम 36-अ प्रमाणे तिथेही आधी मंजुरी लागू शकते. हॉल क्लासवाल्याला पाच वर्षं देऊन टाकणाऱ्या मंडळाचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो, त्या भाड्यातून औषधं येतात. पण व्यवहार बेकायदा ठरतो आणि जबाब सही करणाऱ्यांना द्यावा लागतो.

खरेदीचा नमुना ठरावही असाच. विश्वस्ताच्याच दुकानातून किराणा घ्यायचा असेल तर त्या विश्वस्तानं तसं सभेत सांगावं, त्या विषयापुरतं बाहेर बसावं, मतदान करू नये, आणि हे सगळं लिहावं. सोबत बाजारातली दोन इतर दरपत्रकं जोडावीत. दर बाजारभावापेक्षा जास्त नव्हता हे दाखवता आलं नाही तर आयकराची सूट धोक्यात येते. पुस्तिकेत यातलं एक अक्षर नाही. गावातला व्यापारी विश्वस्त बऱ्याचदा तोटा सोसून माल देत असतो, त्याच्या चांगुलपणाला कागदाचं संरक्षण मिळावं एवढ्यासाठी हे लिहायचं.

म्हणून पूर्ण गठ्ठा न घेता प्रोसिडिंग, अजेंडा, दोन रकानी कीर्द, खतावणी, व्हाउचर, डेडस्टॉक आणि आवक-जावक एवढं सुटं मागावं. दुकानदार सुटं देतात. सभासद नोंदवही संस्थेला वर्गणीदार सभासद असतील तरच. धान्यसाठ्यासाठी साधी आखीव वही घेऊन स्वतः रकाने पाडावेत, दुसरी तशीच वही विश्वस्त रजिस्टरसाठी, आणि पावत्या छापखान्यात नमुना देऊन. विश्वस्त रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मुदतीची यादी ठेवावी: मंडळाची मुदत, आयकर नोंदणीची मुदत, आणि तिच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी द्यायचा असतो ती तारीख, देणगी विवरण, ऑडिट, आणि सोसायटी असेल तर वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत द्यायची कार्यकारिणीची यादी. ही यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवावी.

नवी वही उघडली की पहिल्या पानावर लिहायचं: "या वहीत पृष्ठ क्र. 1 ते 200 अशी एकूण दोनशे पाने आहेत", खाली तारीख, अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या, संस्थेचा शिक्का. जुनी वही संपली तर तिच्या शेवटच्या पानावर नव्या वहीचा क्रमांक, नवीच्या पहिल्या पानावर जुनीचा. सचिव बदलले की सगळ्या वह्यांची यादी दोन प्रतींत करून देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं सह्या कराव्यात आणि एक प्रत प्रोसिडिंगमध्ये चिकटवावी. वह्या सचिवांच्या घरी नाही, संस्थेच्या कपाटात.